चर्चचे पत्र आणि कॉलेजची जागा



बारावीचा निकाल लागला की आपल्या चर्चच्या कचेरीबाहेर मुलांची आणि पालकांची रांग लागते. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला धर्मगुरूंचे पत्र. ख्रिस्ती संस्थेच्या कॉलेजात आपल्या समाजासाठी ठेवलेल्या जागेवर प्रवेश हवा असेल, तर बहुतेक ठिकाणी हे कागद लागतात. अशी कितीतरी पत्रे मी आजवर दिली. त्यांपैकी एक दिलेले आणि एक न दिलेले पत्र मात्र माझ्या मनातून जात नाही.

काही वर्षांपूर्वीची, दुसऱ्या धर्मग्रामातली ही गोष्ट. एक सधन गृहस्थ मुलाला घेऊन आले. चर्चच्या प्रत्येक कार्यात ते पुढे असत. मुलगा मात्र दहावीनंतर मिस्साला फारसा दिसला नव्हता. पत्राच्या छापील नमुन्यात ‘हा विद्यार्थी नियमितपणे मिस्साला येतो’ असे वाक्य होते. मी वाचले आणि सही केली.

त्याच आठवड्यात दुसरा एक मुलगा एकटाच आला. वडील नव्हते, आई चार घरी स्वयंपाकाला जायची. मी विचारले, “रविवारी कितीच्या मिस्साला येतोस?”

तो म्हणाला, “खोटं कशाला सांगू फादर, मी येत नाही. रविवारी केटरिंगच्या कामाला जातो.”

मी त्याला म्हटले, “आधी दोन-तीन रविवार ये, मग पत्राचं बघू.” तो आला नाही. मला आठवण झाली तेव्हा अर्जाची मुदत संपून गेली होती.

ज्याच्याबद्दलचे वाक्य खरे नव्हते त्याला मी पत्र दिले आणि जो खरे बोलला त्याला परत पाठवले. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्यासमोर उभा आहे. ही जागा नक्की कुणाची आणि ती कशासाठी?

कायद्याचे उत्तर आधी पाहू. राज्यघटनेच्या कलम ३० (१) नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. कलम २९ (२) नुसार सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेला केवळ धर्माच्या कारणावरून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. ही दोन कलमे एकमेकांसमोर आली ती दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली निकाल दिला की अशा संस्थेला ५० टक्क्यांपर्यंत जागा आपल्या समाजासाठी ठेवता येतील, बाकीच्या गुणवत्तेनुसार सर्वांना खुल्या राहतील. पुढे २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ५० टक्क्यांची ही ठाम रेषा काढून टाकली. संस्थेचा प्रकार आणि त्या भागाची गरज पाहून राज्याने प्रमाण ठरवावे, असे सांगितले.

म्हणजे हक्क आहे. पण हक्क कसा वापरावा हे न्यायालय सांगत नाही, ते आपल्या सद्सद्विवेकबुद्धीला ठरवावे लागते. आपल्या मुलाला राखीव जागा मिळते तेव्हा त्याच्याहून जास्त गुण असलेल्या एखाद्या हिंदू किंवा मुसलमान मुलाला कदाचित दार बंद होते. त्या मुलाच्या आईच्या डोळ्यांत पाहून ‘हे न्याय्य आहे’ असे म्हणता यायला हवे. आपली संख्या कमी, साधने कमी, म्हणून आपल्यातल्या मागे पडलेल्यांना हात मिळावा, हे आपण तिला सांगू शकतो. पण ती जागा ज्याला घरी सर्व काही आहे त्यालाच केवळ दाखल्याच्या जोरावर मिळत असेल, तर तिच्यासमोर आपली मान खाली जाईल.

मग श्रद्धा हीच अट ठेवावी का? काही ठिकाणी तसे करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बायोला या खासगी ख्रिस्ती विद्यापीठात पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी स्वतः ख्रिस्ती श्रद्धावान असावा, अशी अपेक्षा असते. त्याच देशात १८४२ साली स्थापन झालेल्या नोट्रे डेम या कॅथलिक विद्यापीठात बहुसंख्य विद्यार्थी कॅथलिक आहेत, पण कॅथलिक असणे ही प्रवेशाची अट नाही. एकाला वाटते, सर्वांची श्रद्धा एक असेल तरच घर ख्रिस्ती राहील. दुसऱ्याला वाटते, घर ख्रिस्ती असेल तर पाहुणा कुणीही असो. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजने १८६९ पासून दुसरी वाट धरली. जर्मन जेजुइटांनी उभारलेल्या त्या वर्गांत सर्व धर्मांची मुले शेजारी शेजारी बसून शिकत आली आहेत.

ख्रिस्तसभेचे स्वतःचे म्हणणे काय? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी जाहीरनामा काढला. त्यात म्हटले आहे की कॅथलिक शाळांनी तिघांची विशेष काळजी घ्यावी: जे गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही आणि जे श्रद्धेच्या दानापासून दूर आहेत. कॅथलिक विद्यापीठांनी हुशार पण पैशाने दुबळ्या विद्यार्थ्यांना प्रवेश सुलभ करावा, असेही त्यात आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९० साली कॅथलिक विद्यापीठांना गरिबांसाठी आणि वंचित गटांसाठी दारे उघडी ठेवायला सांगितले. मी परत पाठवलेला तो मुलगा या यादीत सर्वांत आधी बसत होता.

कुणी म्हणेल, “फादर, आम्ही दर रविवारी येतो, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवतो. जो येत नाही त्यालाही तोच कागद?” तक्रार समजण्यासारखी आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवसभर राबलेल्या मजुरांनीही हीच केली होती. पण मिस्साला येणे ही काही कॉलेजच्या जागेसाठी भरलेली फी नाही. ती तशी झाली, तर आपण मुलांना प्रार्थना शिकवत नसून व्यवहार शिकवत आहोत. प्रवेशानंतर पुन्हा न दिसणारी मुले हा व्यवहार आपल्याकडूनच शिकतात.

आता आपल्या कचेरीतले पत्र साधे केले आहे. बाप्तिस्मा कधी झाला आणि कुटुंब या धर्मग्रामात कुठे राहते, एवढेच त्यात असते. नियमित मिस्साविषयी मला स्वतःला माहीत असेल तरच लिहितो, नाहीतर ती ओळ नसते. ‘फादर, एवढं टाका ना’ असा आग्रह कुणी धरू नये. होय ते होय आणि नाही ते नाही, हे प्रभूने आपल्याला शिकवले आहे. घरची परिस्थिती हलाखीची असेल तर ती मात्र संमती घेऊन मी आनंदाने लिहीन. ज्यांच्या घरी सुबत्ता आहे आणि ज्यांच्या मुलाला गुणांवर खुल्या यादीत जागा मिळू शकते, त्यांनी राखीव रकान्यात खूण करण्याआधी एकदा घरात बसून विचार करावा. ती जागा कदाचित आपल्याच गल्लीतल्या दुसऱ्या मुलाची असेल.

आणि ज्यांना जागा मिळेल त्या मुलांना एवढेच सांगतो: ती बक्षीस नाही, ठेव आहे. कुणीतरी तुमच्यासाठी ती जपून ठेवली. शिकून झाल्यावर तुम्हीही कुणाचे तरी दार उघडा.

तो केटरिंगचा मुलगा आज कुठे आहे मला ठाऊक नाही. त्याच्यासाठी मी मिस्सात प्रार्थना करतो. तुम्हीही करा. आणि या वर्षी कचेरीच्या रांगेत कुणी संकोचून मागे उभा असेल, तर त्याला पुढे घेऊन या.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू