संग्रहालयातील मूर्ती आणि देवत्वाचा प्रश्न

खजुराहोचे पुरातत्त्व संग्रहालय पन्ना राष्ट्रीय उद्यानाकडे निघालेल्या प्रवाशांच्या वाटेवर आहे. १९१० च्या सुमारास बुंदेलखंडातील इंग्रज अधिकारी जार्डिन यांनी परिसरात विखुरलेल्या मूर्ती व शिल्पखंड मंदिरांजवळच्या एका उघड्या आवारात गोळा केले. १९५२ मध्ये हा संग्रह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. त्यात चंदेल राजांच्या काळातील शैव, वैष्णव आणि जैन शिल्पे आहेत. नृत्यगणेशाची मूर्ती विशेष प्रसिद्ध. जिला कधी काळी रोज स्नान आणि नैवेद्य होता, ती मूर्ती चौथऱ्यावर ठेवून खाली शतक आणि दगडाचा प्रकार लिहिला, की तिच्यातल्या देवाचे काय होते?

हा प्रश्न तेथील प्रत्येक शिल्पाला लागू नाही, आणि वादात हे बहुधा विसरले जाते. सुरसुंदरी, व्याल, मिथुने ही देवळाच्या भिंतीची अंगे. त्यांची पूजा नव्हती. गाभाऱ्यात प्रतिष्ठा झालेल्या मूर्तीची गोष्ट वेगळी. काचेआडच्या सगळ्याच दगडांना ‘बंदिवान देव’ म्हणणे जितके चूक, तितकेच सगळ्यांना ‘कलावस्तू’ म्हणणेही.

मीमांसकांच्या मते येथे प्रश्नच उरत नाही. जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामींनी देवतेला शरीर नाही, ती यज्ञातील हवी खात नाही, प्रसन्न होऊन फळही देत नाही, अशी बाजू मांडली. फळ कर्मातून येते. या मताने मूर्ती देवळात असली काय, संग्रहालयात असली काय, देवतेचे काहीच बिघडत नाही.

आगम आणि प्रतिष्ठाग्रंथ याच्या उलट दिशेने जातात. देवाला मंत्रांनी आवाहन केले जाते, त्याचे सान्निध्य नित्यपूजेने टिकते; पूजा खंडली तर पुन्हा संस्कार करावे लागतात. महाराष्ट्रात गणपतीची उत्तरपूजा झाल्यावरच मूर्ती पाण्यात सोडतात, तेही याच समजुतीने. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तिच्यातील सान्निध्य विधिपूर्वक कलशात घेऊन ती विसर्जित करावी आणि नवी बसवावी, असे जीर्णोद्धाराचे विधान आहे. संग्रहालय नेमके उलटे करते. शास्त्र जी मूर्ती पाण्याच्या स्वाधीन करायला सांगते, तीच ते सर्वांत जपून ठेवते.

श्रीवैष्णवांचा अर्चावताराचा सिद्धांत यापेक्षा खोल जातो. ईश्वर आपण होऊन मूर्तीच्या रूपाने भक्ताच्या अधीन होतो. त्याचे स्नान, भोजन, निद्रा भक्ताच्या हाती असते. हे मत सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यात देवाइतकीच जबाबदारी माणसावर येते. सेवा थांबली, तर देव गेला की नाही याआधी माणसाने त्याला का सोडले, हे विचारावे लागते. देवत्व या नात्यात नांदते असे मानले, तर मूर्तीची जागा बदलणे हा मुख्य आघात ठरत नाही.

खजुराहोतलाच एक शिलालेख याला आधार देतो. लक्ष्मण मंदिराच्या इ. स. ९५४ च्या सुमाराच्या लेखात तेथील वैकुंठमूर्तीचा प्रवास नोंदवला आहे. ती कैलासावरून भोटांच्या (तिबेटच्या) राजाकडे आली, त्याच्याकडून मैत्रीखातर कीरांच्या शाही राजाकडे. पुढे हेरंबपालाने ती हत्ती-घोड्यांच्या बदल्यात घेतली आणि त्याचा मुलगा देवपाल याच्याकडून ती चंदेल राजा यशोवर्म्याला मिळाली. इतके हात बदलूनही ती देवच राहिली. खजुराहोत तिला पूजणारे भेटले, म्हणून तिची वस्तू झाली नाही.

लक्ष्मण मंदिराला लागूनच, पण स्मारकांच्या कुंपणाबाहेर, मतंगेश्वराचे मंदिर आहे. सुमारे अडीच मीटर उंचीच्या त्या शिवलिंगाची पूजा आजही चालते; महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. १८३८ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन बर्ट यांनी खजुराहो ‘शोधले’ असे सांगितले जाते, ते या उपासकांच्या डोक्यावरून सांगितले जाते. संरक्षित स्मारकाच्या बाबतीत पुरातत्त्व सर्वेक्षणाचे धोरण असे, की संरक्षण लागू होताना जेथे पूजा चालू होती तेथे ती चालू राहते. जेथे थांबली होती तेथे नव्याने सुरू होत नाही.

गेलेले परत आणावे का, याची दोन वेगळी उत्तरे याच परिसरात मिळाली. पन्नातील वाघ २००९ पर्यंत संपले होते. तेव्हा कान्हा आणि बांधवगढहून वाघ आणून वनखात्याने तेथे पुन्हा वंश वाढवला. खजुराहोच्याच जवारी मंदिरातील शिरविहीन विष्णुमूर्तीच्या जागी पूर्ण मूर्ती बसवावी, ही याचिका मात्र सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली. हजार वर्षांपूर्वीचे शिल्प बदलू नये, या आग्रहात अर्थ आहे. पण शास्त्रदृष्ट्या नवी मूर्ती बसवणे हा जुन्या मूर्तीचा अवमान नव्हे, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू मूर्तीचा आदरच करतात, फक्त एक तिला इतिहासाचा पुरावा मानते आणि दुसरी सेवेचे स्थान. संग्रहालयाला हा तंटा मिटवता येणार नाही. निदान कोणती मूर्ती गाभाऱ्यातली आणि कोणती भिंतीवरची, कोणती कोणत्या देवळातली, एवढे फलकावर लिहिणे त्याच्या हाती आहे.