एक नग, किंमत निरंक

उलव्याला फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला आम्हाला भिंतीवरची तीन घड्याळे, दोन मिक्सर आणि एक रिव्हॉल्व्हर मिळाले. रिव्हॉल्व्हर आणले चिरनेरजवळच्या गावात राहणाऱ्या आमच्या मामांनी, तेही साडीच्या खोक्यातून. सौ.ने साडी समजून खोक्याला हळदकुंकूही लावले.

"आजोबांचं आहे रे. कुण्या गोऱ्या साहेबानं बक्षीस दिलेलं," मामा म्हणाले. "तू बँकेत आहेस. काय किंमत होते बघ."

बँकेत मी वीस वर्षे काउंटरवर आहे. सोने तारण ठेवायला आले की सराफ ते कसोटीवर घासतो, तोलतो आणि आकडा सांगतो. बांगडी कुठल्या अडचणीपायी आली, हे आमच्या फॉर्मात विचारलेले नसते.

चष्मा लावून पाहिले. गोळ्यांचे फिरते नळकांडे, गंजलेला चाप, पुसट क्रमांक आणि 'वेब्ली' हे नाव. म्हणजे बर्मिंगहॅमचा माल. ब्रिटिश सैन्याने १८८७ साली याच कंपनीचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. आत गोळी नाही असे मामांनी शपथेवर सांगितले, तरी मी नळीचे तोंड शेजाऱ्यांच्या भिंतीकडेच ठेवले.

मग कायदा वाचला. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून जुनेपुराणे हत्यार सुटते, पण दुरुस्त करूनही ते चालणार नसेल तरच. म्हणजे घरात राहायचे तर आधी निकामी ठरले पाहिजे. सौ. म्हणाली, "अहो, मग तुम्ही इतकी वर्षं राहताच आहात की!"

किमतीचे प्रकरण त्याहून विचित्र निघाले. कवी व्हर्लेनने ज्या रिव्हॉल्व्हरने कवी रँबोला जखमी केले, ते २०१६ साली पॅरिसला ४,३४,५०० युरोंना गेले. बिली द किडचा जीव घेणारे २०२१ साली ६० लाख डॉलरांच्या वर गेले. रक्त न सांडलेल्याला भंगाराचा भाव, सांडलेल्याला लिलावाचा! माणसांच्या बाबतीत आपण चारित्र्याचा दाखला मागतो तो उलट कारणासाठी.

मी उत्साहाने म्हणालो, "मामा, बक्षीस कशाबद्दल मिळालं त्याचा कागद असेल, तर भाव चढेल."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आजोबा सरकारी नोकरीत होते. बक्षीस तीस सालचं. पुढं कुणी विचारलं नाही."

२५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, हे मला शाळेपासून ठाऊक होते.

"दर वर्षी हुतात्म्यांना मानवंदना देतात," मामा म्हणाले. "मी जातो. मागं उभा राहतो."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, मामा किंमत विचारायला आलेच नव्हते. आजोबांनी काय केले, कुणास ठाऊक. कदाचित साहेबाचा घोडा धरला असेल. पण कागद सापडला असता, तर रिव्हॉल्व्हरचा भाव चढला असता आणि मामांची मान खाली गेली असती. आजोबांचा हिशेब नातवाच्या खात्यावर का मांडायचा? आमच्या बँकेतसुद्धा वारसाकडून वसुली होते ती वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच.

"मामा, याला काही किंमत नाही," मी म्हणालो. हे मूल्यमापन खोटे की खरे, यावर मी अजून विचार करतो आहे.

आम्ही दोघे ते पोलिसांकडे जमा करून आलो. पावती मिळाली : 'जुने रिव्हॉल्व्हर, नग १'. किमतीच्या रकान्यात नुसती रेघ. मामांनी पावती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. परतताना त्यांनी आमच्यासाठी आणखी एक घड्याळ घेतले.