झाडाला 'नाही' म्हणता येत नाही



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय २२ (शेवटचा भाग)

उन्हाळ्याचे दिवस. गाई चारता चारता भगवान सवंगड्यांसह वृंदावनापासून लांब आले आहेत. डोक्यावर झाडांनी छत्री धरली आहे. भगवान म्हणतात, ही झाडं बघा, दुसऱ्यांसाठीच जगतात. ऊन, वारा, पाऊस, थंडी स्वतः सोसतात आणि आपल्याला राखतात. पान, फूल, फळ, साल, लाकूड, शेवटी राखसुद्धा देतात. त्यांच्या दारून कुणी विन्मुख जात नाही.

हा भाग मी कितीदा वाचला असेल! पण अर्थ लागला तो गेल्या महिन्यात, प्रवासात.

आम्ही गाडीने कोइमतूरहून पलक्कडमार्गे कोळिकोडला निघालो होतो. मन्नारक्काडला चहाला थांबलो. टपरीवाला म्हणाला, "इतकं आलात, तर सायलेंट व्हॅली बघून जा." आमच्या यादीत ते नव्हतंच. मुक्काम केला आणि सकाळी मुक्कालीहून जीपने आत गेलो. दोन्ही बाजूंना सदाहरित वर्षावन. जीप थांबते त्या जागेचं नाव सैरंध्री, खालून वाहते ती कुंतीपुळा नदी. अज्ञातवासातल्या द्रौपदीचं नाव इतक्या दूर ऐकून मी हातच जोडले.

इथेच धरण होणार होतं. १९७० च्या दशकात जलविद्युत प्रकल्प ठरला होता. वीज हवीच होती, मागणी काही खोटी नव्हती. पण शिक्षक, शास्त्रज्ञ, सुगतकुमारींसारख्या कवयित्री, पक्षितज्ज्ञ सलीम अली असे कितीतरी लोक या रानासाठी बोलले. त्यात त्यांचा स्वतःचा काय फायदा होता? १९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

तिथं उभी असताना मला आमचे कोकणातले दोन फणस आठवले. वडिलांनी लावलेले. घराचं छप्पर गळतंय म्हणून दादाने ते ठेकेदाराला द्यायचं ठरवलं होतं, आणि मीही फोनवर "चालेल" म्हणून टाकलं होतं. भागवत वाचणारी मी! झाड लाकूडही देतं असं भगवंतांनीच सांगितलंय, अशी मनाची समजूतही घातली होती.

पण मंडळी, झाड कुणाला नाही म्हणत नाही, हा त्याचा मोठेपणा. आपण किती घ्यायचं, हा विवेक मात्र आपला. झाडाला 'नाही' म्हणता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी ते म्हणावं लागतं.

परत आल्यावर दादाला फोन केला. "दादा, फणसाचं थांबव."

"अगं, पाऊस तोंडावर आलाय. पैसे कुठून आणू?"

प्रश्न रास्त होता. गळक्या छपराखाली तो राहतो, मी नाही. नुसता उपदेश करून कसं चालेल? बांगड्यांसाठी जमवलेले पैसे त्याला पाठवले. उरलेल्याचं तो बघतो म्हणालाय. फणस अजून उभे आहेत.

आजचा संकल्प : ज्याच्या सावलीत बसलो, त्याच्यासाठी एकदा तरी तोंड उघडायचं आणि जमेल तेवढा आपला हातही लावायचा.

भगवंता, घेताना थांबायची बुद्धी दे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥