मेंढपाळांना कोणी विचारलं?

विज्ञान लोकांपर्यंत कसं पोहोचवावं याचा अभ्यास करणाऱ्यांनी सुरुवात कंब्रियातल्या मेंढ्यांपासून करावी, असं मला मनापासून वाटतं. २६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. मेच्या सुरुवातीला इंग्लंडच्या वायव्येकडच्या या डोंगराळ मुलखात जोरदार पाऊस पडला आणि वाऱ्याबरोबर आलेलं किरणोत्सारी सीझियम कुरणांवर उतरलं. जूनमध्ये सरकारने मेंढ्यांची ने-आण आणि कत्तल यांवर बंदी घातली. तीन आठवड्यांत बंदी उठेल, असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं.

हा हिशेब चिकणमातीवर बेतलेला होता. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते, गवताच्या मुळांना ते फारसं मिळत नाही. कंब्रियाच्या डोंगरांवरची माती मात्र आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची. तिच्यात सीझियम मोकळंच राहतं. मातीतून गवतात, गवतातून मेंढीत आणि लेंड्यांवाटे पुन्हा मातीत. तीन आठवड्यांची बंदी काही शेतांवर थेट २०१२पर्यंत राहिली.

लँकेस्टर विद्यापीठाचे ब्रायन विन या शेतकऱ्यांशी बोलले आणि १९९२मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून त्यांचा विश्वास बसत नाही, या समजुतीला त्याने चांगलाच धक्का दिला. एक प्रसंग बघा. बेंटोनाइट नावाची चिकणमाती पसरून सीझियम रोखता येतं का, हे तपासायला संशोधकांनी मेंढ्या कुंपणात ठेवल्या. मोकळ्या डोंगरावर चरणारी मेंढी कोंडली की खंगते, असं शेतकरी सांगत होते. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही आणि पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. त्यात सेलाफील्डचा अणुप्रकल्प जवळच. तिथल्या अणुभट्टीला १९५७मध्ये लागलेल्या आगीचा संपूर्ण चौकशी अहवाल १९८८पर्यंत जाहीर झाला नव्हता. अशा ठिकाणी लोक सरकारी तज्ज्ञांच्या शब्दावर डोळे मिटून का विसंबतील?

विज्ञानसंवाद शिकवताना भर असतो तो सोप्या भाषेवर, चित्रांवर, गोष्टी सांगण्यावर. ते सगळं हवंच. पण तीन आठवडे ही भाषा काय कमी सोपी होती? तिच्यात राहून गेली ती अंदाजाची अट. ‘हा अंदाज चिकणमातीवरून काढला आहे, तुमच्या डोंगरावर माती कसली आहे?’ असं कोणी जूनमध्येच विचारलं असतं, तर कोकरं किती दिवस सांभाळावी लागतील, खालच्या खोऱ्यातलं तुटपुंजं गवत कसं पुरवायचं, हे ठरवायला त्या कुटुंबांना पूर्ण उन्हाळा मिळाला असता.