वाटेतला भगत

आमच्या मुकुटबनात चढ असा नाहीच. काळी जमीन, कपाशी, तूर, माजरी-आदिलाबाद लायनीवरचं स्टेशन आणि रस्त्यानं धुरळा उडवत जाणारे कोळशाचे न् सिमेंटचे ट्रक. आमचे पाय दुखतात ते डवऱ्यामागं चालून, डोंगर चढून नाही. तरी श्रावण लागला की आमच्याकडून दोन-चार माणसं नागद्वारला निघतातच. सगळ्या विदर्भातून निघतात. सातपुड्यातली ती वाट वाघांच्या राखीव जंगलातून जाते, वर्षभर बंद असते आणि नागपंचमीच्या आधीचे दहाएक दिवस तेवढी उघडते.

2011 च्या श्रावणात मी गेलो. लेक चार वर्षांची होती, तापानं बारा दिवस अंथरुणाला खिळली होती. ती उठून बसली त्या दिवशी बायकोनं नवस बोलला, आणि तो फेडायचा मी, असं ठरलं. नवस बोलणारं एक आणि चढणारं दुसरं, हे बहुतेक घरी असंच असतं.

वणीहून नागपूर, नागपूरहून छिंदवाड्यावरून पचमढी. नागपूरच्या बसमध्ये शेजारी आर्वीकडचे एक काका बसले. साठीच्या पुढचे, धोतर, पायात रबरी चपला. सावनेर यायच्या आत त्यांनी फडक्यातली भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली. मागच्या सीटवर काटोलची दोन पोरं होती, त्यांनाही ठेचा गेला. पचमढीत पाऊस कोसळत होता. नागपूरच्या एका मंडळाच्या मंडपात जेवलो आणि चौघं एकाच ताडपत्रीखाली झोपलो. त्या यात्रेत नावं विचारायची फारशी रीत नाही. सगळे एकमेकांना भगतच म्हणतात. काकांनी माझं नाव विचारलं नाही, पण लेकीचं विचारलं.

सकाळी जीपनं धूपगडाच्या वाटेवर सोडलं. धूपगड म्हणजे सातपुड्यातलं सगळ्यात उंच ठिकाण, 1352 मीटर. पण त्या आकड्यावरून या वाटेचा अंदाज येत नाही. इथं एक डोंगर चढून काम भागत नाही. चढलं की उतरायचं, नाला ओलांडायचा, पुन्हा चढायचं. दगड शेवाळलेले, धुकं असं की पुढच्याची पाठ दिसते पण त्याच्या पुढचा दिसत नाही. काही जागी लोखंडी शिड्या. ओल्या शिडीला हात घातला की वरच्या माणसाच्या पायाचा चिखल आपल्या कपाळावर. मांड्या थरथरायला लागल्या की कोणीतरी मागून महादेवाचा पुकारा करतं आणि पाय उचलला जातो. पोरं भराभर पुढं निघून गेली. मी आणि काका मागं.

तिसऱ्या की चौथ्या नाल्यात काकांचा पाय दगडावरून सटकला. घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला. मी त्यांना एका दगडावर बसवलं. टेकवून पाहिलं, पाय टेकेना.

"जा भाऊ तू," ते म्हणाले. "लेकीचा नवस हाये तुया."

"मागून लोकं येऊनच राहिले काका. कोनी ना कोनी धरन तुमाले."

"हो नं. जा."

मी माझी पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवली. ती ठेवल्यावर मला बरंच हलकं वाटलं, हे अजून आठवतं. आणि निघालो.

पुढचा चढ चढताना माझं मन काय करत होतं ते सांगतो, कारण या लेखाचं मूळ तिथंच आहे. मन काकांच्या चुका मोजत होतं. या वयात यायचं कशाला? पावसाळ्यात रबरी चपला घालून कोणी डोंगरावर येतं का? सोबत घरचं एखादं पोरगं आणायला नको? दर वळणावर एक नवी चूक सापडत होती, आणि चूक सापडली की पाय थोडा सोपा पडत होता.

लहानपणी देवळात पोथी लागायची. पांडव हिमालय चढायला निघतात, तो अध्याय आला की म्हातारी माणसं डोळे पुसत. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो, हा का पडला? आणि धर्मराज मागं वळून न पाहता पडलेल्याचा दोष सांगतो. द्रौपदीचं अर्जुनावर जास्त प्रेम होतं, सहदेवाला शहाणपणाचा गर्व, नकुलाला रूपाचा, अर्जुनाला शौर्याचा, आणि खुद्द भीमाला त्याचं खाणं. लहानपणी मला वाटायचं, केवढा हा ज्ञानी. नागद्वारच्या चढावर समजलं की दोष सांगितल्याशिवाय त्याला पुढचं पाऊल टाकता आलं नसतं. पचमढीत पांडवांच्या म्हणून पाच गुंफा दाखवतात. तिथं उभं राहून मला तरी दुसरं काही आठवलं नाही.

पण तोच धर्मराज वर पोचल्यावर कुत्र्यासाठी अडून बसतो. हस्तिनापूर सोडताना मागं लागलेलं कुत्रं. ना नात्याचं, ना पाळलेलं. वाटेत भेटलेलं. याला सोडून स्वर्गात येत नाही म्हणतो. भावांना सोडून आलेला माणूस कुत्र्यापाशी का अडला, याचं पोथीतलं उत्तर मला ठाऊक आहे. माझं उत्तर जरा वेगळं आहे. कुत्र्याला तोंडानं "जा" म्हणता येत नव्हतं. काकांना येत होतं, आणि त्यांनी म्हटलं. त्यांच्या त्या "जा" वर मी पुढचे पाच तास काढले. पण ज्याच्यानं उठवत नाही, त्यानं दिलेली मोकळीक ही मोकळीक असते का? "थांब" म्हणायची सोय त्यांना मी ठेवलीच नव्हती. मागून लोक येत आहेत, हे आधी मीच बोलून बसलो होतो.

2006 च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर डेव्हिड शार्प नावाचा एक इंग्रज गिर्यारोहक वाटेतच मेला. त्याच्या बाजूनं चाळीसच्या आसपास माणसं गेली, असं तेव्हा छापून आलं होतं. एडमंड हिलरीनं त्यावर सगळ्यांना खडसावलं. त्याच महिन्यात लिंकन हॉल नावाचा दुसरा एक जण वर जिवंत सापडला, आणि त्याच्यासाठी एका तुकडीनं हाताशी आलेलं शिखर सोडलं. तिथं थांबलं तर थांबणाराच मरायचा धाक असतो, तेव्हा त्या चाळिसांना मी काही म्हणणार नाही. माझं तसं काहीच नव्हतं. माझे दोन-तीन तास गेले असते. फार तर नवस एक वर्ष लांबला असता.

पद्मशेषाच्या गुंफेत वाकून शिरलो, दर्शन घेतलं, लेकीचं नाव घेतलं. डोळे मिटले तर पाण्याची बाटली दिसली.

संध्याकाळी जीपच्या जागी आलो तर काका तिथं बसलेले. पायाला लुगड्याची चिंधी, हातात तोडलेली काठी. पांढुर्ण्याकडच्या चार बाया मागून आल्या होत्या. त्यातल्या दोघी दर्शन सोडून त्यांना धरून माघारी फिरल्या होत्या. मी त्यातल्या एकीला म्हटलं, तुमचं दर्शन राहिलं. ती म्हणाली, "मंग काय झालं? महादेव काय पुढच्या साली पळून जाते?"

काकांनी मला पाहिलं आणि त्यांचं तोंड खरंच उजळलं. मला वाटलं होतं, निदान नजर तरी चुकवतील.

"झालं का दर्शन? लेकीचं नाव घेतलं नं?"

मी मान हलवली. त्यांनी दोन्ही हात पुढं केले. मला आधी कळलंच नाही. मग पिशवीतला प्रसाद काढला आणि अर्धा त्यांच्या ओंजळीत घातला. त्यांनी त्यातला दोन्ही बायांना दिला, उरलेला कपाळाला लावून धोतराच्या सोग्यात बांधला.

मुकुटबनला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. बायकोनं पिशवी उघडली आणि म्हणाली, "प्रसाद एवढाच?"

"वाटेत एका भगताले देल्ला," मी म्हटलं.

तिला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी निंदणाला गेली तेव्हा धुऱ्यावर ती शेजारणींना तेच सांगत होती. मी डवऱ्यामागं होतो. ऐकू येत होतं.