ऐकणाऱ्यांची संगत

गाणे ऐकणे ही खासगी बाब आहे, असे आपण सहज म्हणून जातो. मग ऐकता ऐकता शेजारच्याला ‘हे जरा ऐका’ असे सांगावेसे का वाटते? जळगाव-धुळ्याकडच्या आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना हा प्रश्न जरा जास्तच छळतो. आमच्यात शौकीन पुष्कळ, पण शौक उघड सांगणारे थोडे.

बा. वि. केसकर मंत्री असताना, १९५२ साली, आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ मध्ये विविध भारती आली. मग फर्माइशींचा जमाना. गाणे एक आणि ते मागणाऱ्यांची नावे दहा-बारा! झुमरीतलैया हे गाव तर फर्माइशींमुळेच देशाला ठाऊक झाले. यांना गाणे नकोच, स्वतःचे नाव ऐकायचे आहे, अशी थट्टा होई. आम्हाला हे अर्धेच खरे वाटते. आपल्या आवडीचे गाणे अनोळखी माणसांच्या कानी पडावे आणि ते आपल्यामुळे पडावे, या दोन्ही इच्छा त्या पोस्टकार्डात एकत्रच असत. खैरात करणाऱ्याच्या मनातही असेच असते. तेवढ्यावरून खैरात वाया जाते का?

संगीत जायज की नाजायज, हा वाद इथे मिटवण्याची आमची पात्रता नाही. हजरत निजामुद्दीन औलियांनाही समाबद्दल दिल्लीत, गियासुद्दीन तुघलकाच्या काळात, उलेमांपुढे उत्तर द्यावे लागले होते. त्यांचे खलिफा बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले. समाचे ते मोठे दर्दी. खुलदाबादेत त्यांची मजार आहे आणि खान्देशच्या फारुकी सुलतानांनी बुऱ्हाणपूरला त्यांचेच नाव दिले. म्हणजे आमच्या मुलखाच्या जुन्या राजधानीचे नाव एका ऐकणाऱ्याचे आहे!

समासाठी जमान, मकान आणि इख्वान, म्हणजे योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती लागतात, हे हजरत जुनैद बगदादींचे म्हणणे इमाम गझालींनी ‘इह्या’त नोंदवले आहे. यातली तिसरी अट आम्हाला फार मोलाची वाटते. दिलात जे असते तेच समा हलवून वर आणतो, असे गझाली मानतात. तसे असेल तर आपण काय ऐकतो हे सांगणे म्हणजे दिलाचे दार किलकिले करणे. ते कुणासमोर करायचे, हा मग नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न उरत नाही.

वरातीतल्या डीजेला इख्वान नसतात. तो कुणाला विचारत नाही. आजारी म्हाताऱ्यालाही नाही. मोबाइलच्या स्टेटसचेही थोडे तसेच. त्यात सासरे, हेडमास्तर, मदरशातले मौलवीसाहेब आणि बालपणीचा दोस्त एकाच रांगेत बसलेले. मग आमच्यातला शौकीन तिथे फक्त कव्वाली लावतो आणि ठुमरी कानात ठेवतो. याला काही जण ढोंग म्हणतील. आम्ही म्हणणार नाही. ज्याला ऐकायचे नाही त्याच्यासमोर न वाजवणे हा अदब आहे. मात्र कुणी सरळ विचारले तर ‘आम्ही ऐकत नाही’ म्हणणे हे खोटेच, आणि तिथे अदबचा आडोसा घेता येत नाही.

जळगावात लहानग्या नारायण राजहंसाला गाण्याचे पहिले धडे मेहबूबखाँ नावाच्या उस्तादांनी दिले. तोच पुढे बालगंधर्व झाला. हे आमच्या मुलांना सांगितले की वर्गात क्षणभर शांतता पसरते. मग मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, तुम्ही गाणी ऐकता?” समोरच्या चाळीस मुलांपैकी निम्म्यांच्या घरी याचे उत्तर संध्याकाळपर्यंत पोचणार, हे आम्हाला ठाऊक असते. आम्ही ‘हो’ म्हणतो. पुढचा प्रश्न असतो, “कोणती?” तेव्हा मात्र सगळ्या वर्गाला सांगत नाही. विचारणाऱ्याला मधल्या सुट्टीत जवळ बोलावतो.