खुर्चीत बसलेला खेळाडू

मेलेल्या माणसाला हरवणे फार सोपे. तो उठून उत्तर देत नाही. आणि मेलेल्या माणसाशी जिंकणे फार अवघड, कारण त्याचा नेम आता कधी चुकत नाही. या दोन सोयींमुळे 'पूर्वीचे थोर की आत्ताचे थोर' हा वाद जगात बारमाही चालतो. त्याला भांडवल लागत नाही, जागा लागत नाही, माहिती तर मुळीच लागत नाही. गवयांबद्दल चालतो, क्रिकेटवाल्यांबद्दल चालतो, आंब्यांबद्दलही चालतो. "पूर्वीचा हापूस राहिला नाही हो," असे म्हणणाऱ्या गृहस्थाने तो पूर्वीचा हापूस खाल्ला तेव्हा त्याचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते, ही बाब तो हिशेबात धरत नाही.

पण या वादाचे चोख रूप मला दिसले ते पूल नावाच्या खेळात. हा पूल म्हणजे नदीवरचा नव्हे. पॉकेट बिलियर्ड्स असे त्याचे सोवळ्यातले नाव. आपल्या कॅरमचा अमेरिकेत जाऊन अंगाने सुटलेला भाऊ समजा. सोंगट्यांऐवजी बॉल, पावडरीऐवजी खडू, टिचकीऐवजी काठी. भोके मात्र चाराची सहा झाली. परदेशी गेल्यावर तेवढी बरकत व्हायचीच.

हा खेळ माझ्या वाट्याला आला तो माझ्या भाच्यामुळे. तो न्यू जर्सीत असतो. तिकडच्या घरांना बेसमेंट असते आणि बेसमेंटमध्ये एक तर जुने सोफे असतात, नाही तर पूलचे टेबल. भाच्याकडे टेबल आहे. शनिवार-रविवार तो त्यावर खेळतो आणि इतर दिवशी माझी बहीण त्यावर चादर पसरून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते. शेजारच्या खुर्चीत भाऊजी बसतात. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्सने १९५८ मध्ये कलकत्त्याला जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, तेव्हा भाऊजी सोळा वर्षांचे होते. बिलियर्ड्स वेगळे आणि पूल वेगळा. पण हिरवे कापड दिसले की आपल्याला बोलायचा अधिकार पोचतो, अशी त्यांची तेव्हापासूनची ठाम समजूत आहे.

वाद होता एका आकड्याचा. पूलचा एक जुना, खानदानी प्रकार आहे, स्ट्रेट पूल. पंधरा बॉल मांडायचे. कुठलाही बॉल कुठल्याही भोकात घाला, पण आधी सांगून. चौदा गेले की तेवढे पुन्हा मांडायचे आणि उरलेल्या पंधराव्याच्या आधाराने तो ढीग पुन्हा फोडायचा. चुकेपर्यंत तुम्हीच खेळत राहायचे. आता १९५४ च्या मार्च महिन्यात ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी विली मोस्कोनी नावाच्या गृहस्थाने एका प्रदर्शनीय सामन्यात एकही न चुकता ओळीने ५२६ बॉल घातले. म्हणजे चौदा-चौदाचा ढीग सदतीस-अडतीस वेळा मांडून झाला. हा आकडा पासष्ट वर्षे टिकला. मग २०१९ मध्ये जॉन श्मिट नावाच्या अमेरिकन खेळाडूने ६२६ घातले आणि बेसमेंटमधली शांतता संपली.

"बाबा, मोडला तुमच्या मोस्कोनीचा रेकॉर्ड!" भाचा म्हणाला.

"किती दिवसांत?" भाऊजींनी विचारले.

श्मिट कित्येक महिने केवळ त्या आकड्याच्या मागे होता. कॅमेरा लावायचा, खेळायचे, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. भाऊजींना एवढे पुरे होते. "म्हणजे हा परीक्षेला रोज बसत होता. मोस्कोनी गावोगाव फिरायचा, समोर येईल त्या टेबलावर खेळायचा. तिथे एका संध्याकाळी जमून गेले."

"पण ते टेबल आठ फुटी होते. श्मिटचे नऊ फुटी."

"लहान टेबलावर बॉलांची गर्दी जास्त. वाट काढणे अवघड."

"भोकं जवळ, ते सोपं नाही का?"

"कापड बघ तेव्हाचे. आणि बॉल! आता सगळे घोटीव गुळगुळीत."

"मोस्कोनीचं शूटिंग तरी कुठे आहे? श्मिटचा प्रत्येक बॉल कॅमेऱ्यात आहे."

"साक्षीदारांचे प्रतिज्ञापत्र आहे," भाऊजी म्हणाले. सरकारी खात्यात अडतीस वर्षे काढलेल्या माणसाच्या तोंडी या शब्दाला जे वजन असते ते कुठल्याही कॅमेऱ्याला येणे शक्य नाही.

मी हा वाद रोज ऐकला आणि एक गंमत माझ्या ध्यानात आली. टेबल, कापड, बॉल, भोके या चारच वस्तू दोघांपुढे होत्या. पण आपल्या माणसाच्या वाट्याला आलेली वस्तू ही 'परिस्थिती' होती आणि दुसऱ्याच्या वाट्याला आलेली 'सोय'. आमच्या माणसाने परिस्थितीवर मात केली, तुमच्या माणसाला सोय मिळाली. घराघरातून चालणाऱ्या संभाषणांपैकी निम्मी याच दोन शब्दांवर उभी आहेत. आजोबा चार मैल चालत शाळेत गेले ही परिस्थिती. नातू दोन तास गर्दीच्या बसमधून जातो ती सोय, कारण त्याला बसायला बस आहे.

तेव्हा मी मध्ये राल्फ ग्रीनलीफचे नाव टाकून पाहिले. हा मोस्कोनीच्याही आधीचा. १९१९ मध्ये पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि पुढे अनेकदा. त्याच्या काळी स्पर्धेचे टेबल दहा फुटी असे, म्हणजे भोके आणखी लांब. भाऊजींचाच न्याय लावायचा तर ग्रीनलीफ मोस्कोनीच्या वर बसायला हवा. कोवळा मोस्कोनी १९३३ मध्ये त्याच्याबरोबर गावोगाव सामने खेळत हिंडला होता आणि त्या दौऱ्यात जास्त सामने ग्रीनलीफनेच जिंकले होते. भाऊजींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ते फार जुने झाले हो."

मला वाटते, या प्रश्नातला निम्मा गुंता या उत्तरात आहे. 'पूर्वीचे थोर' मधले 'पूर्वी' आपल्या सोळाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते. त्याच्या अलीकडचे ते हल्लीचे, पलीकडचे ते फार जुने.

खेळच बदलला तर तुलना आणखी अवघड होते. मोस्कोनीने ५२६ घातले त्याच १९५४ साली, ऑगस्टमध्ये, फिलिपाइन्समध्ये एफ्रेन रेयेस जन्मला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत आला तो 'सेझार मोरालेस' हे खोटे नाव लावून, कारण खरे नाव कळले असते तर कुणी पैज लावली नसती. १९९४ मध्ये यू. एस. ओपन जिंकणारा तो पहिला परदेशी ठरला. १९९६ मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडशी त्याचा आधी १२० डाव जिंकण्याचा सामना झाला तो त्याने १२०-११७ असा जिंकला. पण त्याचा हा खेळ नाइन-बॉल. नऊच बॉल, आकड्याच्या क्रमाने, आणि नववा घालील त्याचा डाव. स्ट्रेट पूल ही सावकाश चढत जाणारी मैफल. नाइन-बॉलमध्ये तान घ्यायला उभे राहावे तोवर पडदा पडतो. आणि मोस्कोनीला आपण ऐकतो ते जुन्या गवयांना ऐकतो तसे, तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून. रात्रभर गाणाऱ्या माणसाची किंमत आपण तेवढ्यावर ठरवतो आणि वर म्हणतो, आवाज जरा चिरका वाटतो नाही?

अशा वेळी समजूतदार माणसे एक वाक्य काढतात : "प्रत्येक जण आपापल्या काळात थोर." लग्नात वधूकडची आणि वरमायकडची माणसे एकाच पंगतीला बसवायची असली की वापरावे तसे हे वाक्य आहे. कुणी दुखावत नाही, आणि त्यात काही अर्थही नाही. एखाद्याला थोर म्हणतानाच आपण त्याला दुसऱ्या कुणाच्या तरी शेजारी उभे करून मोजलेले असते. तुलना नको असेल तर मग थोर हा शब्दही परत करा. तो ठेवायचा आणि मोजायचे मात्र नाही, हे मला अप्रामाणिक वाटते.

मग मोजायचे कसे? एक सरळ माप आहे. दोन काळ एकमेकांशी भिडवू नयेत. प्रत्येकाने आपल्या काळच्या लोकांना किती मागे टाकले ते पाहावे. समोरचाही त्याच टेबलावर, त्याच कापडावर खेळत असतो, त्यामुळे परिस्थिती आणि सोय दोन्ही कटतात. या मापाने १९४१ ते १९५७ या काळात पंधरा वेळा जगज्जेता झालेला मोस्कोनी फार पुढे निघून जातो. भाऊजी खूश झाले. पण माझ्या मनाला हे माप पुरते पटले नाही. मोस्कोनीच्या जगज्जेतेपदातले जग बहुतेक अमेरिकेतच संपत होते. रेयेसच्या समोर मनिला, तैपेई, बर्लिन, सगळीकडची पोरे उभी होती. सगळेच चांगले खेळू लागले की पहिल्यातले आणि दहाव्यातले अंतर कमी होते, ते पहिला उणा पडला म्हणून नव्हे. एखाद्या गावात एकच मॅट्रिक झालेला असतो तेव्हा तो विद्वान असतो. पुढे गावात चाळीस पदवीधर होतात तेव्हा त्यांतला कुणीच विद्वान राहत नाही. गाव मात्र शहाणे झालेले असते.

एवढे सगळे मी बेसमेंटमध्ये मांडले. त्यावर भाऊजी टेबलाकडे पाहत एकदम वेगळेच बोलले.

"आम्ही ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढायचो. एक रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची. दोनदा खरवडले की कागद फाटायचा, आठवड्याचे काम जायचे. तू एक बटण दाबतोस."

भाचा इमारतींचे नकाशेच काढतो, कॉम्प्युटरवर. तो काही बोलला नाही.

"तुझ्यासारखं मशीन असतं तर मी किती काढले असते, कुणास ठाऊक," भाऊजी म्हणाले.

तेव्हा कुठे मला कळले की इतके दिवस मोस्कोनीचा खटला चालूच नव्हता. एका माणसाने अडतीस वर्षे काही केले ते आता मोजले जाते की नाही, हा प्रश्न होता. श्मिटने शंभर बॉल जास्त घातले यात मोस्कोनीचे काही जात नाही, तो १९९३ मध्येच वारला. जाते ते भाऊजींचे.

या खेळात एक नियम फार कठोर आहे. दुसरा खेळत असतो तोवर तुम्ही खुर्चीत बसायचे. मोस्कोनी ५२६ बॉल घालत होता तेव्हा त्याचा प्रतिस्पर्धी नुसता बसून होता. बोलायचे नाही, उठायचे नाही, फक्त बघायचे. आधीची पिढी नंतरच्या पिढीसमोर अशी बसलेली असते. फरक एवढाच की तिची पाळी पुन्हा येणार नसते. म्हणून खुर्चीतल्याची बाजू टेबलापाशी उभ्या असलेल्याने मांडायला हवी, त्याची परिस्थिती आपल्या सोयीइतक्याच काटेकोरपणे मोजून. तुलना जरूर करावी. पण जो हजर नाही त्याचे वकीलपत्र घेऊन करावी.

माझे मत कुणी विचारलेच तर मी सांगतो. स्ट्रेट पूलमध्ये मोस्कोनी, आणि सगळे प्रकार धरले तर रेयेस. कारणही देतो. मोस्कोनीच्या वडिलांनी पोराने खेळू नये म्हणून बॉल लपवून ठेवले, तेव्हा तो झाडूचा दांडा घेऊन बटाट्यांवर शिकला. रेयेस मनिलात मामाच्या पूलघरात वाढला, टेबलापर्यंत हात पोचत नव्हता म्हणून कोका-कोलाची खोकी सरकवत त्यांवर उभा राहून खेळला आणि रात्री टेबलावरच झोपला. बटाटे आणि खोकी यांत मला दोन काळ दिसत नाहीत, एकच दिसतो.

भाच्याने त्या संध्याकाळी वडिलांना जुने नकाशे कुठे आहेत ते विचारले. ते पुण्याला माळ्यावर आहेत. २०२२ मध्ये जेसन शॉ नावाच्या खेळाडूने सातशेचा आकडा ओलांडला, ती बातमीही त्याने जपून, दोन दिवसांनी सांगितली. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतली.

"चांगला खेळला असणार," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "कापड नवीन होते का, तेवढे बघ."